कारणाचा रकाना

आकुर्डीतल्या आमच्या गाळ्यावर १९९८ पासून एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर तीन पिवळी दातेरी चाकं, दोन खाली आणि एक वर, चुलीच्या दगडांसारखी एकमेकांना टेकलेली. पाटी रंगवताना पेंटरने शिडीवरून विचारलं होतं, "साहेब, चाकं दोन काढू का तीन?" मी म्हणालो, "तीन काढ." धंद्यात आम्ही तिघं होतो ना, मी, मेहुणा आणि बँक. पेंटरने चाकं काढली, पैसे घेतले आणि उरलेल्या पिवळ्या रंगात दारावर 'शुभ लाभ' फुकट लिहून गेला. आमच्या कंपनीचा लोगो ठरवायला असं एकूण अर्धं मिनिट लागलं होतं.

दुसऱ्या वेळी आठ महिने लागले.

झालं असं, की मुलगा धंद्यात आला. शिकलेला मुलगा धंद्यात आला की पहिल्या महिन्यात चहाचे कप बदलतो, दुसऱ्या महिन्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याला लोगो दिसतो. "बाबा, आपलं ब्रँडिंगच नाही," तो जेवताना म्हणाला. मी म्हटलं, "अरे, आपण बुश बनवतो. बुश गाडीच्या पोटात जातो. गाडीच्या मालकाला आत बुश आहे हेसुद्धा माहीत नसतं. गेला की कळतं." तो म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. त्यातच एका मोठ्या गिऱ्हाइकाने फर्मान काढलं, की प्रत्येक पार्टावर बनवणाऱ्याची खूण हवी. लेझर मार्किंगचं मशीन आलं. खूण कुठली मारायची, हा प्रश्न त्या मशीनच्या खोक्यातूनच बाहेर पडला.

तसं पाहिलं तर आमच्या भागात खुणांचा तुटवडा नाही. निगडीच्या टिळक चौकातून निघून टेल्को रोडने भोसरी एमआयडीसीपर्यंत जा आणि पाट्या वाचत जा. दातेरी चाक, चाकात हात, चाकात पृथ्वी, चाकातून वर निघालेला बाण, चाकाच्या मधोमध गणपती. लग्नपत्रिकेवर जसा गणपती, तसं आमच्या पट्ट्यात चाक. त्यावाचून शुभकार्य सुरूच होत नाही. जो पंख्यांचे पत्रे कापतो त्याच्याही पाटीवर चाक, आणि जो कॅन्टीन चालवतो त्याच्याही.

अपवाद मोठ्यांचे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या बजाज ऑटोची खूण आमच्या पिढीने षटकोनी पाहिली होती. चेतकच्या तोंडावर ती असायची, आणि १९८९च्या 'हमारा बजाज' जाहिरातीनंतर तर ती जणू घराघरातली झाली. २००४ साली कंपनीने ती बदलून आजचं ते उडतं 'बी' आणलं. काम पुण्याच्याच एलिफंट डिझाइनने केलं होतं. त्या आठवड्यात आमच्या चहाच्या टपरीवर कंपनीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनीही मत दिलं. एकाला ते पक्ष्यासारखं वाटलं, एकाला घाईत काढलेल्या सहीसारखं, आणि एकजण नुसताच म्हणाला, "जुनं बरं होतं." मीही मान डोलावली होती. आज मला तो जुना षटकोन नीट काढून दाखवता येणार नाही. जुनं बरं असतं ते बऱ्याच वेळा आपण नीट पाहिलेलं नसतं म्हणून.

तर डिझाइनर आली. चिंचवडची मुलगी, मुलाच्या मित्राची बहीण. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून मी तिला गुरुवारी निवांत बोलायला बोलावलं. तिने सांगितलं, "काका, मशीन चालू असताना येते." शुक्रवारी आली. आत येण्याआधी दारातच थांबून पाटीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "काका, ही चाकं फिरतात का?"

"अगं, पाटीवरची चाकं कशाला फिरतील?"

"नाही, खरी असती तर?"

मी बोट वर करून समजावायला लागलो. हे खालचं डावं चाक असं उजवीकडे फिरलं, की त्याला लागून असलेलं उलटं, डावीकडे फिरणार. वरचंही त्याला लागलेलं आहे, म्हणजे तेही डावीकडे. आणि ही दोन्ही डावीकडे फिरणारी चाकं एकमेकांत अडकली आहेत, म्हणजे... माझं बोट हवेतच राहिलं. आतून फोरमन आला. त्याची निम्मी हयात गिअर कापण्यात गेलेली. त्याने वर पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "साहेब, जाम आहे की हे."

इतकी वर्षं आम्ही त्या पाटीखालून आत जात होतो. आमच्याकडे गिअरवाले, ऑडिटवाले, बँकवाले, इंजिनिअरिंग कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट, सगळे येऊन गेले. एकालाही दिसलं नाही, की ही कंपनी तिच्या पाटीवरच बंद पडलेली आहे.

नंतर कळलं, की या अपघातात आम्ही एकटे नव्हतो. आमची पाटी रंगली त्याच वर्षी, १९९८ मध्ये, इंग्लंडने दोन पौंडांचं नवं नाणं चलनात आणलं. औद्योगिक क्रांतीची आठवण म्हणून त्यावर एकमेकांत गुंतलेल्या दातेरी चाकांचं एक कडं आहे. चाकं एकोणीस. कड्यात चाकांची संख्या विषम असली की फिरायची बातच नको, सगळी जाम. म्हणजे ज्या देशात वाफेवर कारखाने आधी चालले, त्या देशाचं नाणं आणि आकुर्डीतला आमचा गाळा एकाच चुकीवर उभे होते. त्या दिवशी मला साहेबाबद्दल पहिल्यांदा बंधुभाव वाटला.

तीन आठवड्यांनी मुलगी तीन कागद घेऊन प्राधिकरणातल्या आमच्या घरी आली. पहिल्या कागदावर आडव्या रेघेतून वर आलेलं अर्ध दातेरी चाक होतं, उगवत्या सूर्यासारखं. दुसऱ्यावर कंपनीची आद्याक्षरं एकमेकांत विणलेली. तिसऱ्यावर नुसती एक जाड कडी. रविवार होता, त्यामुळे सभा भरगच्च झाली. मेहुणा, मुलगा, सौभाग्यवती, आमचे सीए, सांगवीचे काका. कुणालाही विषय नवा नव्हता, कारण लोगो आणि क्रिकेट यांवर बोलायला पात्रता लागत नाही.

मेहुणा म्हणाला, "जरा भारदस्त पाहिजे."

सौभाग्यवती म्हणाली, "रंग उठून दिसत नाही."

मुलगा म्हणाला, "मिनिमल ठेव, पण प्रीमियम वाटलं पाहिजे."

सीए म्हणाले, "हिरवा घ्या. हल्ली पर्यावरणाचं फार चाललंय."

काका म्हणाले, "तोंड नैर्ऋत्येला नको." गोल कडीचं तोंड कुठे असतं ते त्यांनाच ठाऊक.

मेहुणा पुन्हा म्हणाला, "यात पंच नाही." त्यावर कोपऱ्यात बसलेला फोरमन गंभीरपणे म्हणाला, "पंच आहेत साहेब स्टोअरला चार. डाय नाही." त्याला बोलावला होता तो टेम्पोच्या किल्ल्या द्यायला, पण सभेत आला की सभासद होतो.

शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिन्ही कागद लांब धरले, जवळ धरले, उलटे धरले आणि म्हणालो, "चांगलं आहे गं. पण मजा येत नाही."

'मजा येत नाही' या तीन शब्दांवर खरं तर एखाद्या विद्यापीठाने प्रबंध लिहून घ्यायला हवा. वरणापासून नाटकाच्या दुसऱ्या अंकापर्यंत कशालाही ते चालतात. ऐकणाऱ्याला काय कमी आहे ते कळत नाही, आणि बोलणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. शिवाय बोलणारा रसिक ठरतो. मुलीने मान खाली घालून वहीत लिहिलं, 'मजा'. पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. कागद गोळा करून ती गेली.

असे तीन महिने गेले. ती आणायची, आम्ही सुचवायचो. जरा मोठं कर. जरा वर घे. निळा कर. तो निळा नाही, आपल्या पाटीचा निळा. जुनं होतं ते दाखव बरं. दोन्ही एकत्र करता येतील का? या काळात मी फावल्या वेळी लोगोंच्या कथा वाचायला लागलो, आणि माझा अहंकार बळावला. नायकीची ती बरोबरच्या खुणेसारखी रेघ १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली. तिला मिळाले ३५ डॉलर, आणि कंपनीचे फिल नाइट यांना ती रेघ तेव्हा काही फारशी आवडली नव्हती. म्हणजे गिऱ्हाइकाला न आवडणं हे शुभलक्षणच की! मग दुसरी कथा सापडली. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांच्या 'नेक्स्ट' कंपनीसाठी पॉल रँड यांनी लोगो केला. घेतले एक लाख डॉलर, आणि दाखवला एकच. तीन पर्याय नाहीत, दुरुस्त्या नाहीत. ही कथा मी मुलीच्या कानावर जाऊ दिली नाही.

आपल्याकडच्याही कथा आहेतच. स्टेट बँकेची निळी खूण १९७१ची, अहमदाबादच्या एनआयडीतल्या शेखर कामतांची. तिच्यात कुणाला कुलपाचं भोक दिसतं, तर कुणाला कांकरिया तलाव. पासबुक भरून घ्यायला रांगेत उभं राहिलं की दोन्ही पटतात. रुपयाचं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलं. ते डी. उदय कुमार यांचं, तेव्हा ते पवईच्या आयआयटीत डिझाइनचे संशोधक विद्यार्थी. वर शिरोरेघ असलेला आपला 'र' आणि काना खोडलेला रोमन 'आर' एकाच आकृतीत बसवले त्यांनी. ते पहिल्यांदा पेपरात आलं तेव्हा मी म्हणालो होतो, "हे तर मीही काढलं असतं." आता रोज बिलावर तेच छापतो.

आणि ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला आली, तेव्हा तर मला उगाचच लाजल्यासारखं झालं. रस्ता माणसांनी भरलेला. प्रत्येकाच्या कपाळी गोपीचंदनाचा टिळा आणि बुक्क्याचा ठिपका, खांद्यावर भगवी पताका. ना कुठला रंगांक, ना कुठली नियमपुस्तिका, आणि तरी त्या गर्दीत कोण कुणाचं हे लांबून ओळखू येत होतं. एवढ्या मोठ्या मंडळींचा लोगो ठरवताना कुणी 'मजा येत नाही' म्हणालं नसावं. म्हणालं असलं तरी त्याचं कुणी ऐकलं नाही, हे बरं झालं.

माझे डोळे उघडले ते मात्र चाकणच्या एका गिऱ्हाइकामुळे. आमचा चारशे बुशांचा लॉट परत आला. सोबतच्या रिजेक्शन नोटवर कारण लिहिलं होतं, 'फिनिश बरोबर नाही.' बस्स. मी भडकलो. तळेगाव-चाकण रस्त्याचा जाम खात तिकडे गेलो आणि तिथल्या इन्स्पेक्टरला म्हणालो, "बरोबर नाही म्हणजे काय? ड्रॉइंगवर आरए ०.८ आहे. तुमच्याकडे किती आला ते लिहा. भोक २० एमएमचं आहे, एच-सेव्हनमध्ये. म्हणजे शून्य ते एकवीस मायक्रॉन जास्त चालतं. किती निघालं? कुठल्या गेजवर? बुशच्या कुठल्या टोकाला? हे न लिहिता मी काय दुरुस्त करू? पोरांना जाऊन सांगू की जरा छान करा म्हणून?"

तो बिचारा म्हणाला, "साहेब, बघताक्षणी जरा असं... मजा नाही आली."

परतीच्या वाटेवर मी रेडिओ लावला नाही.

पोरांच्या बाबतीत मी कधीच असं वागत नाही. गो-नोगो गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, एवढा सरळ न्याय आमच्याकडे असतो. ऑपरेटरला मी कधी म्हणालो नाही की हे भोक जरा भारदस्त कर. आणि इथे एक शिकलेली मुलगी तीन महिने माझ्या दारात येऊन विचारतेय, की काका नक्की काय खटकतंय, आणि मी तिला रसिकता ऐकवतोय.

शिवाय जेव्हा आम्ही मोघम बोलत नव्हतो, तेव्हा थेट औषध सांगत होतो. मोठं कर, निळा कर, डावीकडे घे. ही सवय फार जुनी. माझ्याकडे चेतक होती तेव्हा मी ती बंद पडली की आधी डावीकडे कलती करायचो, मग किका मारायचो, मग ढकलत गॅरेजला न्यायचो आणि मेकॅनिकला हुकूम द्यायचो, "प्लग बदल आणि कार्बोरेटर साफ कर." एकदा त्याने शांतपणे हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, काय होतंय ते तुम्ही सांगा. काय करायचं ते मी बघतो." मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावला. पेट्रोल नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि गाळ्यावर बोलावलं. टेबलावर एका बुशचं ड्रॉइंग पसरलं. उजव्या कोपऱ्यात खाली कंपनीचं नाव, पार्ट नंबर, मटेरियल असतं. त्याच्या वर एक छोटा तक्ता असतो, बदलांचा. ए, बी, सी अशी अक्षरं, काय बदललं, कधी, कुणाची सही. आमच्या गाळ्यात मी त्यात पूर्वीपासून एक रकाना वाढवलेला आहे, 'कारण'. का बदललं हे लिहून ठेवलं नाही, तर दोन वर्षांनी कुणीतरी शहाणा ते परत पूर्वीसारखं करतो आणि तीच चूक नव्याने होते.

"लोगोलाही हा तक्ता लावू," मी म्हणालो. "यापुढे ज्याला काही सुचवायचं असेल त्याने इथे लिहायचं आणि कारणाच्या रकान्यात कारण. रकाना कोरा राहिला तर तू ते वाचायचंसुद्धा नाहीस."

ती पहिल्यांदाच मनापासून हसली. मग तिने एक प्रश्न विचारला, जो तिने खरं तर पहिल्या दिवशीच विचारला होता आणि मी चहा मागवण्याच्या नादात ऐकला नव्हता. "हा लोगो सर्वांत लहान कुठे बसणार आहे?"

मी एक बुश उचलून तिच्या हातात दिला. बाहेरून २८, आतून २०. म्हणजे भिंत चार मिलीमीटरची, आणि खूण मारायची त्या भिंतीच्या तोंडावर. कडेला जागा सोडली तर तीन मिलीमीटर. "आणि सर्वांत मोठा?" "पाटीवर. आठ फूट." तिने बुश फिरवून पाहिला आणि म्हणाली, "काका, हे ड्रॉइंग मला आधी मिळालं असतं तर."

दुसऱ्या दिवशी आम्ही भंगारातल्या बुशांवर आजवरचे सगळे लोगो लेझरने मारून बघितले. उगवत्या चाकाचा तुटका कंगवा झाला. विणलेली आद्याक्षरं एकमेकांत बुडाली. मेहुण्याच्या आग्रहावरून दुहेरी किनार आणि सावली दिलेला एक भारदस्त नमुना होता, त्याची मेलेली माशी झाली. मेहुण्याने चष्मा कपाळावर चढवून बुश डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "हे काय?"

"तुमचा भारदस्तपणा, मामा," मुलगा म्हणाला.

तक्ता सुरू झाला आणि सभेचं रूपच पालटलं. सीएंनी 'हिरवा' लिहिलं, पेन कारणाच्या रकान्यावर थोडा वेळ धरलं आणि मग हिरवा खोडला. सौभाग्यवतीने मात्र दोन वेळा लिहिलं आणि दोन्ही वेळा कारण दिलं. 'पिवळा नको, टेम्पो उन्हात उभा असला की पांढऱ्यावर पिवळा वाचता येत नाही.' हे सव्वीस वर्षं आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी नैर्ऋत्येचं कारण लिहिलं, 'शास्त्र'. मुलीने अदबीने विचारलं, "काका, टेम्पो वळला की दिशा बदलेल, मग?" काका विचारात पडले, ते पुढच्या रविवारपर्यंत.

सगळ्यांत मोलाची सूचना तक्त्यात आलीच नाही. ती आमच्या आईकडून आली. वय अठ्ठ्याऐंशी, खाटेवर बसून मेथी निवडत होती. उगवत्या चाकावर मुलाचा जीव होता, ते त्याने तेवढ्यात परत बाहेर काढलं होतं. मी सहज कागद तिच्यापुढे धरला. "आई, कसं वाटतं?"

"कसं म्हणजे? करंजी आहे."

खोलीत शांतता पसरली. अर्धगोल आकार, खाली सरळ बाजू आणि वरच्या कडेला कातण्याने कापल्यासारखे दात. त्यानंतर त्या कागदात आमच्यापैकी कुणालाही चाक दिसलं नाही, सूर्य तर नाहीच नाही. मुलगा पडलेला चेहरा घेऊन बसला. डिझाइनर मात्र खूश. तिने वहीत मोठ्या अक्षरात 'करंजी' लिहिलं आणि म्हणाली, "आजी, इतकं स्वच्छ मला अजून कुणीच सांगितलं नव्हतं."

"त्यात काय सांगायचं," आई म्हणाली. "दिसलं ते बोलले."

मी त्या वाक्यावर बरेच दिवस विचार केला. आम्ही सगळे काय व्हावं ते सांगत होतो, आई काय झालंय ते सांगून मोकळी झाली. तिने मोठं कर म्हटलं नाही, रंग बदल म्हटलं नाही, तिला मजा आली की नाही हेही सांगितलं नाही. डोळ्यांनी जे पाहिलं ते, ज्या शब्दात दिसलं त्या शब्दात. पुढचं काम जिचं होतं तिच्यावर सोडून ती मेथीकडे वळली.

शेवटी राहिली ती पहिल्या दिवसापासून तिसऱ्या कागदावर असलेली जाड कडी. समोरून पाहिलेला बुश. आम्ही जे बनवतो तेच. त्यात मुलीने एक फट ठेवली होती, कारण आमचा निम्मा माल स्प्लिट बुशचा. सीएंनी लिहिलं, 'फट उजवीकडे सरळ नको. कारण, चष्म्याच्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता आठवतो.' कारण बिनतोड होतं. मुलीने मान्य केलं आणि फट तिरकी केली. तीन मिलीमीटरवर मारून पाहिली. फोरमनने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाला, "बुश आहे. स्प्लिट." त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं, नोंद होती. गो-गेज आत गेला.

अक्षरांवरून अजून एक महिना गेला, पण तो आनंदाचा होता. कंपनीचं नाव मराठीतही हवं, असा माझा हट्ट होता आणि त्याचं कारण मी लिहिलं होतं, 'माल आणणारे ड्रायव्हर मराठी वाचतात.' मुलीने मला वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जुन्या जाहिराती दाखवल्या. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच ते नाटक कसलं ते कळावं अशी ती अक्षरं, कमल शेडग्यांच्या हातची. आम्ही वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फाँटमध्ये चलनं आणि पत्रं टाइप करतो, तोही आपल्या रा. कृ. जोशींनी घडवलेला, हेही तिनेच सांगितलं. मी त्या फाँटला तोवर सरकारी समजत होतो. माणसाच्या हाताने झालेली गोष्ट इतकी रोजची झाली, की ती कुणी केली असेल असं मनातच येत नाही. लोगोला याहून मोठं यश काय मिळणार?

काम संपल्यावर मी तो तक्ता मोजला. एकूण ३१ सूचना. कारण भरलेलं त्यातल्या ११ ठिकाणी, पटलं ६ ठिकाणी. आधीच्या तीन महिन्यांतल्या सूचना मोजायला कुठे लिहिलेल्या नव्हत्या, पण मुलीच्या चेहऱ्यावर त्या मी पाहिल्या होत्या. तिचं बिल आलं तेव्हा मेहुण्याने सवयीने विचारलं, "एका कडीचे एवढे?" मी म्हटलं, "कडीचे नाहीत. बाकीचं सगळं काढून टाकल्याचे आहेत. आपणही बारमधून मटेरियल काढूनच बुश करतो, आणि पैसे उरलेल्याचेच घेतो." मेहुण्याने चेक लिहिला. रकमेच्या बाबतीत त्याला अजून मजा आलेली नाही.

नवी पाटी रंगवायला मी हट्टाने तोच जुना पेंटर शोधला. आता तो बहुतेक फ्लेक्सचीच कामं घेतो, केस पांढरे झालेत, शिडी मात्र तीच असावी. त्याने कागदावरची कडी बघितली, वर पाटीवरच्या आपल्या पिवळ्या चाकांकडे पाहिलं. थोडं वाईट वाटलं असणार.

"साहेब, चाकं काढून टाकायची?"

"जाम होती," मी म्हणालो.

त्याने मान वर करून तिन्ही चाकांवरून एकदा हवेत बोट फिरवलं. बोट वरच्या चाकापाशी अडलं. मग तो काही न बोलता खाली वाकला आणि निळ्या रंगाचा डबा उघडायला लागला.